पाटावर मांडलेली चावी

घरातून निघाले की मी दोनदा परत फिरते. एकदा शेगडी बंद आहे का ते बघायला, आणि दुसऱ्यांदा, ते आपण नीट बघितलं का ते बघायला. नवरा दारात उभा राहून हसतो. म्हणतो, गॅसवाल्या बाईला घरचासुद्धा गॅस सुटत नाही. हसू दे. त्याला एका जागी बसवतं, मला बसवत नाही, आणि ह्याला कारण घडलेलं आहे. पण ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं. ते ऐकून लोक एकतर हसतात नाहीतर नाक मुरडतात.

मी केळी पिकवते. शेतात नाही, खोलीत. शहाद्याहून कळसाडीकडे जाताना रस्त्याला लागून एका मारवाडी शेठचं गोडाऊन आहे. तिथे चार मोठ्या खोल्या आणि एक लहान. भिंती पांढऱ्याशुभ्र, आत फोम भरलेल्या. दारांना रबराच्या कडा. एकदा दार लोटलं की आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत लावायची आणि मोजून मापून इथिलिन सोडायचं. फळ पिकताना स्वतःच जो वायू सोडतं, तोच हा. माझी आई वर तोरणमाळला सीताफळं गवतात दाबून ठेवते, तिथेही हाच काम करतो. फक्त तिच्या गवतात तो फळापुरता असतो, माझ्याकडे सिलिंडर भरून असतो. हवेत थोडा मिसळला तर केळी पिवळी होतात. फार मिसळला आणि ठिणगी मिळाली, तर तो पेटतो. बंद खोलीत पेटला तर खोलीही राहत नाही आणि खोलीतलं माणूसही.

सिलिंडर बाहेर लोखंडी जाळीत उभा असतो. तिथून निघालेली नळी आत येते आणि एका मास फ्लो कंट्रोलरमधून पुढे खोल्यांकडे जाते. नाव एवढं लांबलचक, वस्तू मात्र तळहाताएवढी. स्टीलची पेटी, तोंडावर आकडे. गोडाऊनमध्ये सगळे तिला डबी म्हणतात. मिनिटाला किती गॅस जातोय ते डबी मोजते, आणि आपण जेवढा सांगू तेवढाच पुढे सोडते. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

डबीचे नखरे मी शिकले ते चिडत चिडत. सकाळी चालू केली की तिला अर्धा तास तापू द्यायचं. तोवर ती दाखवते ते आकडे कुणी मनावर घ्यायचे नाहीत. मग गॅस बंद असतानाच तिचं शून्य तपासायचं. शून्यावर तीन दाखवत असेल तर पुढचा प्रत्येक आकडा तीनने खोटा. मग तिला सांगायचं, काही सोडू नकोस. त्यानंतरच सिलिंडरच्या डोक्यावरच्या वाल्व्हला त्याची सुटी चावी लावायची आणि दाराआड कुणी झोपलंय अशा बेतानं, हळू फिरवायची. झटक्यात उघडलं की दाबाचा फटका डबीवर बसतो. जोडांवर साबणाचा फेस लावून बघायचा. मग कुठे गॅस. आणि बंद करताना उलटं: आधी चावी, मग नळीतला उरलेला गॅस जाऊ द्यायचा, आकडा आपोआप खाली आला की मग डबी, आणि वीज सगळ्यात शेवटी. चावी आधी, बटण शेवटी. हे मी हमालांना इतक्यांदा ऐकवलंय की ते मला बघितलं की आधीच म्हणायचे.

सुरुवातीला तर केळी पिकेचनात. डबी सांगायची गॅस भरपूर जातोय, आणि घड आपले पोपटीच्या पोपटी. शेठचं डोकं फिरलं, माझं त्याच्याआधी फिरलं होतं. शेवटी डबी बसवून गेलेल्या इंजिनियरला फोन केला. त्यानं शांतपणे विचारलं, डबीला कोणता गॅस सांगितलाय? बघितलं तर नायट्रोजन. कारखान्यातून तसाच लावून आलेला. प्रत्येक वायूची उष्णता नेण्याची रीत वेगळी, आणि डबी त्यावरूनच मोजते. ती बिचारी इथिलिनला नायट्रोजनच्या मापानं मोजत बसली होती, आणि दाखवायची त्यापेक्षा बराच कमी गॅस आत जात होता. तेव्हापासून माझा आकड्यावरचा विश्वास गेला. आकडा दिसला की मी आधी विचारते, कशाचा?

आता खरं दुखणं. त्या पावसाळ्यात डबी शून्यावर ठेवली तरी आकडा शून्यावर टिकेना. दोन, कधी तीन, कधी त्याहून वर. मी पुढची नळी सोडवून पाण्याच्या पेल्यात बुडवली. डबीला सांगितलंय बंद, आणि पेल्यात बुडबुडे. एकामागोमाग एक, थांबायचं नावच नाही. आतल्या झडपेत कचरा अडकला होता, ती पूर्ण मिटत नव्हती. इंजिनियर म्हणाला, ताई, नवी असली तरी ही झडप तोटीसारखी घट्ट बसत नाही, ही कमी-जास्त करायला आहे, कुलूप लावायला नाही. पुढे वेगळा बंद करायचा वाल्व्ह बसवा आणि डबी दुरुस्तीला पाठवा. मी पेला तसाच शेठपुढे धरला. शेठनं बघितलं, म्हणाला, एवढ्याशा बुडबुड्यांनी काय होतंय, दिवाळीनंतर बघू. सणाचे दिवस, केळीला मागणी, डबी पाठवली तर खोल्या बंद. मला त्याचं गणित कळत होतं, पण अंगाचा तिळपापड व्हायचा तो झालाच. म्हटलं ठीक आहे, मी आहे तोवर चावी माझ्या हातात.

शेठ वाईट माणूस नाही. आमच्या डोंगरातल्या पावरा आदिवासी घरातली पोरगी यंत्रावर उभी केली म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला नावं ठेवली, तरी त्यानं ऐकलं नाही. अर्थात त्यामागे त्याची आई होती. तिला सगळे माजी म्हणतात. मुलानं शहाद्यात बंगला बांधला, पण ती गोडाऊनच्या मागच्या दोन जुन्या खोल्या सोडून जायला तयार नाही. माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी हमाल माझं सांगणं कानावर घेत नव्हते, तेव्हा तिनं खुर्ची आणून दारात टाकली आणि दिवसभर तिथे बसून राहिली. दुपारी मला स्वतःच्या कपातून चहा दिला. माझी आई डोंगरावर आणि सासू धुळ्याला, त्यामुळे खाली नवऱ्याखेरीज माझं म्हणावं असं माणूस एवढंच. माजीला ऐकू अगदी कमी येतं. फोन ती वापरत नाही, काय करायचाय, म्हणते.

त्या दसऱ्याला मी अष्टमीला माहेरी निघाले. सिलिंडरची चावी घट्ट फिरवली, डबीचा आकडा पडेपर्यंत थांबले, वीज बंद केली, चावी खुंटीला लावली आणि जीपनं तोरणमाळ चढले. घाट चढताना कानाला दडे बसतात तेव्हा मला नेहमी हलकं वाटतं. आईनं मक्याची भाकरी केली, सीताफळाचे ढीग अंगणात पडले होते, ती मला चिडवत होती की माझी पोरगी शेठची केळी फुंकून पिकवते. मी दोन दिवस काहीच बघणार नव्हते, ना आकडा, ना नळी.

नवमीला संध्याकाळी तलावाच्या वरच्या अंगाला गेले. तिथे एका दगडावर उभं राहिलं की रेंज येते. शेठचा फोन आला. तो भलताच खुशीत होता. सकाळी एकाचे पपईचे क्रेट आले होते, ते त्यानं स्वतः लहान खोलीत लावले, स्वतः सिलिंडर उघडून गॅस दिला. दुपारी तो माणूस घाईनं माल घेऊनही गेला. मग शेठनं सगळं बंद केलं आणि लहान खोली रिकामी, धुतलेली, पांढरीशुभ्र होती म्हणून खंडेनवमीची मांडणी ह्या वर्षी तिथेच केली. पाट, त्यावर तराजू, घड कापायचे कोयते, नटबोल्टचे पाने, आपट्याची फांदी. उंदरांनी नासधूस करू नये म्हणून दार गच्च लावून घेतलं. सकाळी माजी दिवा लावेल, तू प्रसादाला ये, असं त्याचं म्हणणं.

मी विचारलं, सिलिंडर बंद केला का?

"समदं बंद करी टाकं," शेठ म्हणाला. "मेन स्विचच पाडी दिना. मशीन आराम करी ऱ्हायनं, तू बी कर."

मी म्हटलं, मेन स्विच नाही शेठ, सिलिंडर. चावी. तर म्हणाला, चावी पाटावर मांडली, हळदकुंकू लावून.

ज्याला हे कळणार नाही त्याच्यासाठी सांगते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांना विश्रांती देतात. धुवून पुसून पाटावर मांडायची, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नांगर असो, कात्री असो, नाहीतर मोटार. शेठसाठी चावी हेही अवजार, त्यानं भक्तिभावानं ते पाटावर ठेवलं. वीज पाडली की डबी मेली आणि डबी मेली की गॅस मेला, अशी त्याची खात्री. आणि तिकडे सिलिंडर उघडा, डबीच्या आत न मिटणारी झडप, आणि पपईसाठी जोडलेलं नळीचं तोंड त्या लहानशा, हवाबंद खोलीत. हवा बाहेर फेकणारा पंखाही मेन स्विचबरोबर बंद. आणि सकाळी त्या खोलीत दिवा घेऊन कोण जाणार, तर माजी.

मी सांगायला लागले. म्हटलं चावी उचला, नाहीतर निदान सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचा नॉब उलटा फिरवून सैल करा, म्हणजे गॅस पुढे जायचा थांबेल. तो म्हणाला, मांडलेल्या अवजारांना आणि टिळा लावलेल्या यंत्राला आता हात लावतात का? मी म्हटलं, शेठ, माजी— आणि रेंज गेली. दगडावर उभी राहून, बाजूच्या झाडाला धरून, पुढे झुकून मी पुन्हा पुन्हा फोन लावला. एकदा लागला तर कुठल्यातरी गरब्याचा गोंगाट, पलीकडून कुणी बोलेना. मग तो बंदच लागायला लागला. हमाल सगळे गावी, नवरा सणाला धुळ्याला आईकडे. गोडाऊनचा राखणदार सुट्टीवर. खाली जाणारी शेवटची जीप केव्हाच गेली होती. वडील म्हणाले, सकाळच्या पहिल्या जीपनं जा, माजी काय उजाडायच्या आत दिवा लावणार आहे का? त्यांचं बरोबर होतं. तरी जीव टांगणीला लागला तो लागलाच. आईनं वाढलेलं मी तसंच ठेवलं.

ती रात्र मी अंगणातल्या सीताफळांच्या ढिगाभोवती फिरून काढली. बुडबुडे मोजायचे, खोलीचा आकार मोजायचा, परत बुडबुडे. कधी हिशेब यायचा की काहीच होणार नाही, कधी यायचा की होईल. कचरा किती अडकलाय हे कुणाला माहीत? मी स्वतःलाच म्हणत होते, गप, उगाच घाबरतेस. आणि लगेच, गप काय गप.

सकाळी जीपपाशी गेले तर जीप उभी, आणि जीपवाला तिला आंघोळ घालतोय. दसरा ना. त्यानं आरसे पुसले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार बांधला. मी म्हटलं दादा, निघा. तो म्हणाला, पूजा झाल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. मी कपाळावर हात मारला. पुढे होऊन हाराची गाठ मी बांधली, नारळ मी आणून दिला, उदबत्ती मी पेटवली. मग चाकाखाली ठेवायला लिंबं हवीत. लिंबं कुणाकडे तर त्याच्या मावशीकडे. मी धावत जाऊन लिंबं आणली. मावशी म्हणाली, एवढी घाई, नवरा आजारी आहे का? मी म्हटलं, हो. कोण समजावत बसणार.

तेवढ्यावर झालं नाही. सीताफळाच्या टोपल्या चढायच्या होत्या. टोपल्या चढल्या, बायका चढल्या, एक म्हातारा अर्धा आत अर्धा बाहेर. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घाटाला शिव्या दिल्या. वळण आलं की जीपवाला हॉर्न वाजवून थांबायचा, आणि माझा पाय आपोआप पुढच्या सीटखाली दाबला जायचा, जसा काही ब्रेक माझ्याकडे आणि वेगही माझ्याकडे. शेजारची बाई माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, बाई गं, नीट बस, तुझ्यामुळे मला भोवळ येतेय.

मनातल्या मनात मी माजीच्या मागे मागे चालत होते. आता उठली असेल. आता आंघोळ. तुळशीला पाणी. मग ती धुतलेलं लुगडं नेसते, सावकाश, निऱ्या मोजत. मग ताट लावते. ती दिवा खोलीत जाऊन पेटवत नाही, तुळशीपाशी पेटवून पेटता दिवा ताटात घेऊन जाते, हे मला आठवलं. म्हणजे दार उघडायच्या आधीच आग तिच्या हातात असणार होती.

घाट संपला आणि फोन लागला. शेठ झोपेतून उठल्यासारखा बोलत होता. मी एका दमात सगळं ओरडून सांगितलं, अख्ख्या जीपनं ऐकलं. तो म्हणाला, एवढं काही नसतं, तू घाबरतेस फार, पण जातो, आंघोळ करून लगेच निघतो. मी म्हटलं, आंघोळ नका करू. तो म्हणाला, दसऱ्याच्या दिवशी? मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

जीप फाट्यावर थांबली आणि मी पळत सुटले. ऊस दोन्ही बाजूंना, मधून गोडाऊनचा कच्चा रस्ता. पायातली चप्पल कुठे गेली ते मला नंतरही सापडलं नाही. फाटक उघडं होतं. अंगणात कुणी नाही. लहान खोलीच्या दारासमोर माजी पाठमोरी उभी, डाव्या हातावर ताट, ताटात दिवा, उजवा हात दाराच्या खटक्यावर.

मी ओरडले. ती वळली नाही. पुन्हा ओरडले. खटका जड होता, तिला एका हातानं ओढता येत नव्हता, ती ताट छातीशी सावरून दुसऱ्यांदा ओढायला लागली. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा दम उरला नव्हता, शब्द उरले नव्हते. मी ताटावर वाकले आणि दिव्याला फुंकर मारली.

माजीनं माझ्या कानाखाली वाजवली. सणसणीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी ताट खाली ठेवलं, वात बोटांनी चिमटून पूर्ण विझवली, तिला दंडाला धरून ओढत फाटकाजवळच्या निंबाखाली नेलं आणि बसवलं. ती मारवाडीत मला काय काय म्हणत होती. मग मी जाळीकडे पळाले. रेग्युलेटरचा नॉब उलटा फिरवून सैल केला. पण मला चावी हवी होती. सिलिंडर बंद झाल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नव्हता.

दोन्ही हातांनी खटका ओढला आणि लहान खोलीचं दार उघडलं. आतून गोडसर, जडसर वास अंगावर आला. रोज त्या वासाचा जेमतेम भास होतो. असा वास मी कधी घेतला नव्हता. माजी लांब होती, पण वाऱ्याबरोबर तो तिच्यापर्यंत गेला असणार, कारण तिची बडबड थांबली. मी दार सताड उघडं टाकून बाजूला उभी राहिले, हवा फिरू दिली. मग श्वास रोखून आत गेले, पाटावरून चावी उचलली आणि बाहेर आले. सिलिंडरला लावली, घट्ट फिरवली, आणि परत एकदा फिरवून बघितली. हळदकुंकू माझ्या तळहाताला लागलं.

बराच वेळ गेल्यावर आम्ही दोघी दाराशी गेलो. माजी आत न जाता नुसती बघत राहिली. काल शेठनं ठेवलेली आपट्याची फांदी पाटावर होती, पण फांदीवर पान नव्हतं. सगळी पानं गळून तराजूच्या पारड्यात आणि कोयत्यांवर पडली होती, हिरवीच्या हिरवी. फळाला पिकवणारा हा वायू जास्त झाला की पानांचे देठ सोडवतो. माजीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. पण झाडावरून तोडलेली हिरवी फांदी एका रात्रीत अशी नागवी होत नाही, हे तिला कळत होतं. वाऱ्यानं उंबऱ्याशी आलेलं एक पान तिनं वाकून उचललं आणि परत ठेवलं. मी तिला पायरीवर बसवलं.

"दिवाले कोणी तोंडनी फुक मारस का," ती ह्या वेळी अहिराणीत म्हणाली. "तुन्हापाशी ओढणी व्हती ना."

मी म्हटलं, चुकलं माजी. तिला ते ऐकू गेलं नसणार. तिनं माझं मनगट धरलं होतं ते काही सोडलं नाही.

शेठ आला तो नवा सदरा घालून, कपाळाला गंध लावून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. गाडी मी फाटकाबाहेरच थांबवायला लावली. दार सताड उघडं, विझलेला दिवा जमिनीवर, माझ्या हातात पूजेची चावी, हे बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्याला वास आला असावा, कारण तो पंखा लावायला मेन स्विचकडे धावला. मी आडवी आले. स्विचमध्येही ठिणगी असते शेठ, म्हटलं, दारानंच जाऊ द्या. तो हात मागे घेऊन उभा राहिला. माजी त्याला मारवाडीत काहीतरी म्हणाली, हळू आवाजात, दोनच वाक्यं. मला ती भाषा येत नाही. शेठ नव्या कपड्यांनिशी तिच्या पायाशी मातीत बसला.

घाटभर मी त्याला ऐकवायला काय काय साठवून आणलं होतं. त्यातलं काही बाहेर आलं नाही. एवढंच म्हटलं, डबी अंधारली म्हणजे गॅस थांबला असं नसतं, मी सांगितलं होतं. तो म्हणाला, हो, तू सांगितलं होतंस. त्याच दिवशी त्यानं इंजिनियरला फोन केला. डबी दिवाळीआधीच दुरुस्तीला गेली आणि तिच्या पुढे बंद करायचा वेगळा वाल्व्ह बसला.

दिवा खोलीत नेला असता तर पेटलं असतं का? मला छातीठोक सांगता येत नाही. लोक विचारतात. गावात काही जण अजून म्हणतात की गॅसवालीनं उगाच पूजा मोडली. कधी कधी मीही मध्येच थांबून तोच हिशेब पुन्हा मांडते, बुडबुडे, खोली, एक दिवस, आणि उत्तर कधी एक येतं, कधी दुसरं. म्हणून मी बसू शकत नाही. उत्तर एकच आलं असतं तर बसले असते.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा माजी उठली. पूजा राहून गेली होती. ती मागच्या अंगणात तुळशीपाशी गेली. लहान खोली तिथून लांब, मध्ये भिंत, मोकळी हवा. मी तिच्या मागे गेले, जायला नको होतं तरी गेले. तिनं नवी वात केली, तेल घातलं, काडेपेटी काढली. इतकी वर्षं ती दसऱ्याचा दिवा लावतेय, कुणाला कधी विचारलं नाही. तिनं काडी ओढली आणि माझा हात आपोआप जाऊन तिच्या मनगटावर पडला. मी तो काढायला हवा होता, पण निघेना. माजी रागावली नाही. पेटती काडी तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, ज्योत तिच्या बोटांपर्यंत येईतो, मी ‘लाव’ अशी मान हलवेपर्यंत.